वाळक्या शेंगा

सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मधे, लिफ्टच्या पिंजऱ्याच्या टपावर उकिडवा बसून मी रुळाला तेल लावत होतो, आणि छातीपाशी टक् असा आवाज झाला. मी ब्रश खाली ठेवला, गुडघ्यावर हात दाबून अर्धा उठलो आणि म्हणालो, "आलो गं." मोठ्याने म्हणालो. लिफ्टच्या विहिरीत बोललेलं विरत नाही, ते भिंतींना घासत खाली उतरतं. अगदी तळाच्या खड्ड्यात माझा जोडीदार जाड्या स्प्रिंगवरचा गंज खरवडत होता. त्याचं खरवडणं थांबलं.

"कुणाला आलो म्हणतोस रे?"

"कुणाला नाही."

"वर बाई आहे का कोणी? असली तर सांग, मी पण येतो."

"काही नाही म्हटलं ना."

जाड्या एकशे दहा किलोचा आहे. पिंजऱ्यातल्या पाटीवर आठ माणसे असं लिहिलेलं असलं की आम्ही ते सहा माणसे आणि जाड्या असं वाचतो. एरवी तो मला दिवसभर सोडत नाही, पण माझा आवाज ऐकून त्याला आठवलं असणार, कारण तो नको इतक्या जोरात खरवडायला लागला. मी खिशात बोटं घातली. सकाळी निघताना घरातल्या झाडावरून खुडलेल्या शेंगा तिथे होत्या, मूठभर, बोटाच्या पेराएवढ्या, वाळून तपकिरी झालेल्या. खाली जाऊन टाकून देऊ म्हणून खिशात घातल्या आणि विसरलो. घामाने खिसा भिजला होता. एक शेंग मधोमध उकलली होती आणि तिच्या बिया बनियनला चिकटल्या होत्या. त्या शेंगांचं असंच असतं. वाळल्यावर कितीही दिवस गुपचूप बसून राहतात आणि ओल लागली की फुटतात. एवढंच झालं होतं. पण उभं राहताना मी डोक्यावरचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला. बायकोला जाऊन पाच महिने झाले. ती गेली तेव्हा मी जवळ होतो असं मी मुलीला सांगितलंय. मी जवळ नव्हतो. मी पलीकडच्या खोलीत होतो आणि हाच आवाज ऐकत बसलो होतो.

हे झाड तिने आणलेलं. झाड तरी कसं म्हणावं, बुंध्याशी लाकूड आणि वर सगळं कोवळं, गुडघ्याच्या वर कधी गेलं नाही. ती शहराच्या बागेत काचघरात कामाला होती, सव्वीस वर्षं. काचघरात बारमाही ओल्या असणाऱ्या सखल रानातली झाडं ठेवलेली असतात, मोठ्या झाडांच्या पायाशी, सावलीत वाढणारी. आपण अजून रानातच आहोत असं त्यांना वाटत राहावं म्हणून दिवसातून चारदा फवारा मारावा लागतो. ते तिचं काम. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिची बोटं पाण्यात राहून सुरकुतलेली असायची आणि केसांना मातीचा वास यायचा. तिथे प्रत्येक झाडापुढे पत्र्याची पाटी, आणि पाटीवर लांबलचक नाव. "नाव बघा आणि जीव बघा," ती म्हणायची. या झाडाला ती उडाणटप्पू म्हणायची. कारण त्याच्या बिया काचघरभर उडायच्या आणि भलत्याच कुंड्यांतून उगवायच्या, आणि ती रोपटी उपटून टाकायची असा मोठ्या माळ्याचा हुकूम होता. ती वर्षानुवर्षं उपटत आली. एकदा मात्र एक टाकवेना, तेव्हा डब्यात घालून घरी आणलं. दारात मोठ्या माळ्याने विचारलं, डब्यात काय? म्हणाली, पालेभाजी. म्हणाला, कच्ची? म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय. हे ती मला हातवारे करून सांगत होती आणि मी जेवत होतो. मी तेव्हा किती हसलो ते आठवत नाही. आठवायला हवं होतं.

स्वयंपाकघराच्या खिडकीत ते झाड लागलं. त्याला जांभळी फुलं येतात, पातळ, हात लावला तर सुरकुतणारी. पहाटे उमलतात आणि दुपारी गळून पडतात, एकेक अख्खं फूल, माणसाने उठून जावं तसं. मी सकाळी सहाला निघायचो आणि दिवेलागणीला यायचो, त्यामुळे त्या झाडाला फुलं येतात हे मला फरशीवर पडलेल्यांवरून माहीत. झाडावरचं फूल मी नीट पाहिलं ते ती आजारी पडून मी रजा घेतली तेव्हा. सुट्टीच्या दिवशी मात्र तिचा एक खेळ असायचा. झाडावर चार-सहा शेंगा वाळल्या की ती पिचकारीने पाणी मारायची आणि मला समोर बसवायची. "बसा. बोलू नका." मग आम्ही दोघं चहा घेऊन बसायचो. अर्ध्या मिनिटाने, कधी पाच मिनिटांनी, टक्. मग परत काही नाही. मग एकदम दोन. बिया ओट्यावर, भिंतीवर, कपाळावर. एकदा माझ्या कपात पडली. "पिऊन टाका," ती म्हणाली, "पोटातून झाड आलं तर निदान घरी तरी बसाल." मी कामाच्या सवयीने आवाज ऐकायचो, ती चेहरे बघायची. माझा चेहरा. प्रत्येक आवाजाला मी किंचित दचकायचो आणि तिला तेच बघायचं असायचं.

मग तिचा दम गेला. छातीचंच काहीतरी, डॉक्टरांनी नाव सांगितलं, तेही पाटीवरच्या नावासारखं लांबलचक होतं. आठ महिने. शहरातल्या चाळीस इमारतींमधली माणसं मी वर-खाली करतो, आणि माझं घर चौथ्या मजल्यावर, बहात्तर पायऱ्या, लिफ्ट नाही. "लोकांना नेता वर," ती म्हणायची, "आणि बायकोला ठेवता अडकवून." आठ महिन्यांत तीनदा तिला खाली नेलं, तिन्ही वेळा खुर्चीत बसवून, मी वरून धरलेलं आणि जाड्याने खालून. जाड्याचा घाम तिच्या पायांवर टपकायचा. "भाऊजी, जपून," ती म्हणायची, मधे थांबून, श्वास घेऊन, "पण पडलात... तरी हरकत नाही... मी मऊ पडेन." जाड्या इतका हसला की आम्हाला खुर्ची टेकवावी लागली. शेवटी शेवटी हाक मारण्यापुरताही दम राहिला नाही. तेव्हा मी तिला आमच्यातली खूण शिकवली. विहिरीत एक जण वर आणि एक जण खाली असला की बोललेलं कळत नाही, नुसता घुमारा येतो. म्हणून आम्ही पान्याने रुळावर ठोकतो. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे वर घे, तीन म्हणजे खाली. घरासाठी सोपं केलं. खाट लोखंडी होती, तिच्या उशाशी एक चमचा ठेवला. एक ठोका म्हणजे पाणी. दोन म्हणजे या.

"आणि शिवी द्यायची... असली तर?"

"तर चमचाच फेकून मार."

त्या दिवशी दुपार होती, अडीचचा सुमार. सकाळपासून मी किती वेळा उठबस केली होती ते मोजलं नव्हतं. उशी वर, उशी खाली, खिडकी उघड, खिडकी लाव, पाणी, पुसणं, कूस. तिचा दोष नव्हता. तिला डोळा लागला असं वाटलं तेव्हा मी स्वयंपाकघरात आलो. सकाळी ती खुणेने म्हणाली होती, झाडाला पाणी मारा. मी पिचकारी भरून पाणी मारलं. किती दिवसांत कुणी बघितलं नव्हतं, शेंगांनी झाड तपकिरी झालं होतं. मग चहा केला, स्टुलावर बसलो, पाठ भिंतीला लावली. आणि शेंगा फुटायला लागल्या. मी आत गेलो तेव्हा चमचा चादरीवर होता आणि तिचा हात चमच्याजवळ होता, उघडा. डॉक्टर नंतर म्हणाले, तुम्ही तिथे असतात तरी काही करता आलं नसतं. ते खरं असेल. पण तिने काही करायला बोलावलं नव्हतं. नुसतं बोलावलं होतं.

मुलगी तासाभरात आली. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे, पांढऱ्या कोटावरच आली, बहात्तर पायऱ्या पळत. खाटेशी बसली, आईचे पाय धरले, आणि बऱ्याच वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही जवळ होतात ना, बाबा?" मी हो म्हणालो. त्या एका शब्दापलीकडे मी काही बोललो नाही. बाकीचं तिने घातलं. आठवड्याने ती कुणाला तरी सांगत होती, बाबांनी हात धरला होता. महिन्याने, आई त्यांच्याकडे बघत होती. मी खोटं एका पायरीएवढं बोललो होतो, तिने त्याच्यावर मजले चढवले. मी तिला थांबवलं नाही, कारण मला कळत होतं ती कशावर उभी आहे. आदल्या दिवशी तिने फोन केला होता, उद्या येऊ का म्हणून, आणि मीच म्हणालो होतो, रविवारी ये निवांत, मी आहे ना. ती आली नाही, कारण मी होतो. ती तेव्हापासून झोपते, जेवते, कामाला जाते, ती मी होतो म्हणून.

तेव्हापासून घरात आवाज आहे. तसा तो असतोच, माझा धंदाच आवाजाचा. पण हा वेगळा. मी पाणी घालणं बंद केलं तरी झाड मरेना, आणि शेंगांना पाणी लागतंच असं नाही. चहाची वाफ पुरते. ओला टॉवेल खिडकीत वाळत घातला तर तेवढी ओल पुरते. पावसाळी हवा पुरते. मी दाढी करत असतो आणि स्वयंपाकघरात टक्. हात थांबतो. गालावर साबण तसाच, मी वाट बघतो दुसरा ठोका येतो का. कधी येतो. मग मी खरोखरच खाटेच्या खोलीत जातो, हातात वस्तरा घेऊन, आणि गादी गुंडाळलेली खाट बघून परत येतो. आणि बिया. बिया ओल्या झाल्या की चिकट होतात, कुठेही बसतात, आणि हे झाड कशातही उगवतं. न्हाणीघराच्या जाळीत उगवलं. खिडकीच्या चौकटीत, जिथे धुळीशिवाय काही नाही, तिथे उगवलं. गेल्या महिन्यात खाटेच्या पायाशी, फरशीच्या फटीत, दोन पानं दिसली. चिमटीत धरून ओढली तर मूळ लांबलचक निघालं, पांढरं, बोटभर. तिथवर बी कसं गेलं? दोन खोल्यांमधे दार आहे. मी दार उघडं ठेवून, पाणी मारून, कोपऱ्यात उभं राहून बघितलं. जातं. दारातून जातं, आठ-दहा फूट सहज जातं. म्हणजे त्या दुपारीही गेलं असणार. मी आत गेलो नाही, पण शेंगेतलं बी गेलं होतं. त्यानंतर मी रोज सकाळी शेंगा खुडायला लागलो, फुटायच्या आत, आणि तरी रोज दोन-चार सापडत नाहीत, पानांखाली राहतात.

खिशात शेंग फुटली त्या दिवशी विहिरीतून बाहेर आल्यावर जाड्याने दोन चहा आणले आणि आम्ही इमारतीच्या मागच्या पायरीवर बसलो. जाड्याला दुःखाबद्दल बोलता येत नाही. तो कामाबद्दल बोलतो आणि मधूनच माझ्या पाठीवर थाप मारतो, जशी आपण मोटार चालू होत नसली की मारतो.

"वर काय झालं होतं?"

"खिशात शेंग फुटली."

"काय?"

मी दाखवली. त्याने ती तळहातावर घेतली, उलटसुलट केली आणि त्याच्या चहाचा थेंब तिच्यावर टाकला. आम्ही दोघं बघत बसलो. टक् झालं आणि जाड्याच्या हातून कप सुटता सुटता राहिला.

"आयला!" तो म्हणाला. "ही वहिनींची?"

"हं."

"आणि तू याला घाबरलास? तू? अरे, खड्ड्यात उभा राहून तू सांगतोस नवव्या मजल्यावरचा कुठला रोलर गेलाय. मागे त्या दवाखान्याच्या लिफ्टमधे सगळे म्हणत होते बेअरिंग, आणि तू म्हणालास नाही, दारातलं नाणं. निघालं ना नाणं? तुझ्या कानाला कोण फसवणार, लेका?"

तो कौतुकाने बोलला. त्याला माहीत नव्हतं त्याने काय केलं. पाच महिने मी स्वतःला सांगत होतो की मला शेंगा वाटल्या. मुलीला खोटं सांगितलं खरं, पण ते खोटं एका चुकीवर होतं, आणि चूक कुणाचीही होते; शेंगा फुटत होत्या, चमचा वाजत होता, दोन्ही आवाज टक्, माणूस दमलेला. हे मी इतक्या वेळा स्वतःला सांगितलं होतं की ते आठवणीसारखं झालं होतं. जाड्या उठून नळावर कप विसळायला गेला आणि मी तिथे बसून त्या दुपारचा आवाज पुन्हा ऐकला, कामावर ऐकतो तसा, कुणाचीही बाजू न घेता. शेंगेचा आवाज कोरडा असतो. तो होतो आणि संपतो, आणि त्याच्या मागून बिया पडल्याची बारीक टपटप येते. स्टीलचा लोखंडावरचा आवाज संपत नाही. त्याला शेपूट असतं. तो खाटेच्या पायातून फरशीत उतरतो, फरशीतून स्टुलात येतो. मी स्टुलावर होतो. माझी पाठ भिंतीला होती. तो मला कानाआधी पाठीत कळला होता. आता माझ्याकडे चूकसुद्धा उरली नव्हती.

रविवारी मुलगी आली. येताना तिने कुंडी आणली होती, छोटी, मातीची. पिशवी ओट्यावर ठेवून ती झाडाजवळ उभी राहिली, पानं वर करून बघू लागली. सकाळ होती, पाच-सहा फुलं उमलली होती.

"याची एक फांदी नेते. लागेल ना?"

"हे कशातही लागतं."

"शेंगा कुठे गेल्या सगळ्या? आई तर..."

"मी खुडतो."

"का?"

मी कात्री शोधतो असं दाखवलं. ती मला मिळाली तेव्हा तिला दिली. ती फांद्या निवडत बोलत होती, माझ्याकडे पाठ करून. "परवा लॅबमधे एक आजी आल्या होत्या, एकट्याच. हात थरथरत होता, शीर सापडेना. म्हणाल्या, मी मेले तर दूधवाल्याला कळेल आधी. मी म्हटलं, असं बोलू नका हो. मग माहीत नाही का, मी त्यांना आईचं सांगितलं. म्हटलं, माझी आई गेली तेव्हा बाबा हात धरून होते. तर त्या म्हणाल्या, भाग्याची गं. आणि बाबा, मला एवढं बरं वाटलं ना..."

"मी जवळ नव्हतो."

"कुठे?"

"तुझी आई गेली तेव्हा. मी इथे होतो, या स्टुलावर. चहा पीत होतो."

कात्री उघडी राहिली. तिने ती मिटवून ओट्यावर ठेवली, अगदी सरळ, कडेला समांतर. "पण तुम्ही म्हणालात."

"हो म्हणालो. खोटं म्हणालो."

"म्हणजे झोपेतच गेली. तुम्हाला कळलंच नाही."

"चमचा वाजवत होती. मी झाडाला पाणी मारलं होतं, शेंगा वाजत होत्या. तो आवाज आणि हा आवाज..."

मला वाक्य पुरं करावं लागलं नाही. तिने एवढा मोठा श्वास सोडला की खिडकीतली पानं हलली, आणि ती माझ्याजवळ आली. तिने खांद्यावर हात ठेवला. हात गरम होता. "अहो बाबा. पाच महिने हे घेऊन बसलात? यात तुमची काय चूक? शेंगा वाजत होत्या ना? कुणालाही तसंच वाटलं असतं." ती रडत होती आणि हसत पण होती, लहानपणी पडल्यावर लागलं नाही हे कळल्यावर हसायची तशी. तिथे थांबता आलं असतं. मला ते स्पष्ट दिसत होतं, दोन मजल्यांच्या मधे पिंजरा थांबवतो तसं तिथे थांबता आलं असतं, आणि दोघांनाही राहता आलं असतं तिथे.

"कुणालाही वाटलं असतं," मी म्हणालो. "मला नाही वाटलं."

"म्हणजे?"

"मला कळलं होतं. पहिल्या ठोक्यालाच."

हात खांद्यावर होता. मग नव्हता.

"किती वेळ?"

"चहा संपेपर्यंत."

"मिनिटं सांगा."

"दहा. बारा असतील."

"किती वेळा वाजवलं तिने?" आता ती लॅबमधल्या आवाजात विचारत होती, पेशंटला विचारतात तसं, शेवटचं कधी खाल्लं, किती वाजता.

"दोन. मग परत दोन. मग बऱ्याच वेळाने एक."

"एक म्हणजे पाणी."

"हो. नाहीतर दुसऱ्या ठोक्याला जोर..."

"कळलं." ती खिडकीकडे बघत होती. "आणि थांबलं तेव्हा?"

मी ओट्यावरची कात्री उचलून परत तिथेच ठेवली.

"वाजायचं थांबलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं, बाबा?"

हे मी कुणाला सांगेन असं वाटलं नव्हतं. मी ते स्वतःलाही शब्दात सांगितलं नव्हतं. पण तिने सरळ विचारलं होतं, आणि ती तिच्या आईची मुलगी आहे.

"बरं वाटलं," मी म्हणालो. "वाटलं, झोपली. आता उरलेला चहा बसून पिता येईल."

तिने पिशवी उचलली. कुंडी तिथेच राहिली. दारात चपला घालताना तिचा पाय दोनदा चुकला. "मी येणार होते त्या दिवशी," ती म्हणाली, मला नव्हे, चपलेला. "तुम्ही आहात म्हणून आले नाही." आणि दार न लावता गेली.

मी स्टुलावर बसलो आणि ऐकू लागलो. दुसरं मला काय येतं? तिची पावलं मी लहानपणापासून ओळखतो, उजवं जरा जास्त आपटतं. चौथ्याचा वळसा, तिसरा मजला, भरभर. तिसऱ्यावर शिंप्याच्या दारातलं मशीन थांबलं आणि परत चालू झालं. तिसऱ्याच्या खाली सहा पायऱ्या, सात, आठ. तिथे पावलं थांबली. पुढे गेली नाहीत, मागे आली नाहीत. मी ताबडतोब उठलो. अनवाणीच गेलो.

ती दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधल्या वळणावर बसली होती, पिशवी पोटाशी धरून. मला पाहून म्हणाली, "वर जा." मी गेलो नाही. तिच्या वर तीन पायऱ्या सोडून उभा राहिलो, कठडा धरून. ती रडत नव्हती. भिंतीवरचा एक पोपडा ती नखाने काढत होती आणि तुकडे पायरीवर एका ओळीत ठेवत होती. किती वेळ गेला सांगता येत नाही. या वेळी मी मोजला नाही. खालून शिंपीणबाई आली, दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या. आम्हाला बघून थांबली, तिने माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग मुलीकडे. "दमलात का?" ती म्हणाली. "बसा, बसा. हा जिना भल्याभल्यांना बसवतो." मुलगी वाट द्यायला भिंतीकडे सरकली. शिंपीणबाई धापा टाकत वर गेली, तिचं दार उघडलं, लागलं. मुलगी परत मधे आली नाही. भिंतीला टेकूनच राहिली, बाजूला एका माणसाची जागा सोडून.

मी बसलो नाही अजून. तिने सांगितलं नव्हतं.

"पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली. "त्या दिवसाचं. सकाळपासून. काही गाळू नका, आणि काही घालू नका."

"वर जाऊन..."

"इथेच."

मी बसलो. दगडी पायरी गार होती. आमचे खांदे लागत नव्हते, पण पिशवीचा बंद माझ्या गुडघ्यावर आला होता आणि तिने तो ओढून घेतला नाही.

"सकाळी," मी म्हणालो, "तिने मला केस विंचरायला लावले. मला येत कुठे. गुंता ओढला की ती माझ्या मनगटावर चापट मारायची. आणि भांग पाडायची वेळ आली तेव्हा मला आठवेना तो कुठल्या बाजूला असतो."

"डावीकडे," मुलगी म्हणाली.

"मी मधे पाडला."

तिने पोपड्याचा आणखी एक तुकडा ओळीत ठेवला. वर शिंप्याचं मशीन सुरू झालं होतं.

"पुढे," ती म्हणाली.